हौसामावशीची शीळ

फोनवर नाव मावशीचं दिसलं, म्हणून मी सवयीनं आधी तोंड सोडलं. "काय गं, जिवंत आहेस का? महिना झाला, फोन नाही की काही नाही!" पलीकडून उत्तर आलं नाही. नुसता वारा. फोनमध्ये वारा शिरला की घरघर लागल्यासारखा आवाज येतो, तसा... मी पुन्हा पुन्हा हॅलो म्हणाले, तेही चिडून. मग त्या वाऱ्यातून काकांचा, मावशीच्या नवऱ्याचा, आवाज आला, "मी हाय." काकांनी उभ्या जन्मात मला फोन केला नव्हता. मावशी लावून त्यांच्या हातात द्यायची, ते "बरं हाय ना" एवढं विचारायचे आणि हात भाजल्यासारखा परत करायचे. त्यामुळे "मी हाय" ऐकलं आणि मी गॅस बंद केला. पुढचं सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं. "तुजी मावशी गेली. माळावर. लिंबाखाली बसल्या जागी." आणि परत वारा. फोन कुणीतरी लावून हातात दिला असावा; तो बंद कसा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि माझ्यानं तो करवेना. बराच वेळ मी नगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून त्या माळावरचा वारा ऐकत होते.

हौसामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून शाळेला सुट्टी लागली की आई माझी पिशवी भरायची आणि मला तिच्याकडे पोचवायची. तिसगावच्या बाजारातून डोंगराकडे तोंड करून निघालं की रस्ता आधी बारीक होतो, मग वाईट होतो, मग उरतच नाही. वर चढून गेलं की एकदम सपाटी लागते आणि डोळे कुठे टेकवावेत ते कळेनासं होतं. सगळीकडे कुसळी गवत, मुरूम, काळे खडक, अधूनमधून एखादी तरवडाची जाळी. झाड म्हणावं असं एकच, ते कडुलिंबाचं. मावशीचं घर आणि ज्वारीचं वावर माळाच्या खालच्या अंगाला, उतारावर होतं. काका वावरात राबायचे आणि मावशी शेळ्या घेऊन दिवसभर वर. अलीकडे फार लांब, आकाशाच्या कडेला पवनचक्क्या दिसू लागल्या होत्या. बाकी माळ होता तसाच होता. मोबाईलची रेंजसुद्धा तिथे कड्याजवळच्या एका खडकावर चढलं तरच यायची, एरवी नाही.

अशा ठिकाणी खालच्या माणसाला वर बोलवायचं तर काय करायचं? मावशी शीळ घालायची. जीभ दुमडून, दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ काढायची की उतारावरची टिटवी बोंबलत उठायची. बाईमाणसानं शीळ घालायची म्हणजे काय! सासूनं सुरुवातीला घर डोक्यावर घेतलं. मावशी म्हणाली, "मंग तुमी रोज वर चढा आन तुमच्या लेकाला भाकरीला बोलवा. मी खाली बसते." विषय तिथेच संपला. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली की ती शीळ घालायची आणि थोड्या वेळानं काकांचं मुंडासं उतारावरून वर येताना दिसायचं. सासूचा राग पुढे निवळला, पण एक गोष्ट ती म्हातारी शेवटपर्यंत बजावत राहिली. माळ माणसाला बोलावतो, एकदाच बोलावतो, आणि जो जातो तो परत येतो असं नाही.

मावशी त्यावर हसायची. मी हसत नव्हते, कारण तो माळ मला लहानपणी कधीच साधा वाटला नाही. अंधाराची भीती सगळ्यांनाच असते. तिथली भीती भर दुपारची होती. ऊन डोक्यावर आलं की वारा पडायचा, पाखरं गप्प व्हायची आणि दूरचे खडक जमिनीवरून सुटून तरंगायला लागायचे. शेळ्यासुद्धा चरायच्या थांबून एकाच दिशेला बघत राहायच्या. तिकडे काहीही नसायचं. एकदा तसंच मी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं, तर गवतात लांडगा बसला होता. कुत्रा दारात बसतो तसा निवांत. मावशी त्या वेळी माझ्या मामाच्या लग्नात कोण कोण रुसलं ते सांगत होती. तिनं आवाज जरासुद्धा न बदलता सांगितलं, "बघू नगंस त्याच्याकडं. त्यो काय आपल्या घरात आलाय व्हय? आपनच त्याच्या घरात बसलोय." आणि पुढे नवऱ्या मुलीच्या आत्याचा मानपान सांगू लागली. पुन्हा पाहिलं तेव्हा लांडगा नव्हता. गवत हललेलं मी पाहिलं नव्हतं.

पण खरी भीती मला त्या शिळेची बसली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आम्ही दोघी लिंबाखाली जेवत होतो. मावशीच्या तोंडात भाकरीचा घास होता, हातात कांदा. आणि लांबून, माळाच्या मधोमधून, मावशीची शीळ आली. तीच. चढत जाणारी, वर जाऊन जरा थबकणारी, मग खाली घसरणारी. मी मावशीच्या तोंडाकडे बघितलं. ती घास चावत होती. मावशीनं शांतपणे घास गिळला, म्हणाली, "शेंड्या हाय त्यो." मग तिनं मला तो दाखवला. खडकावर बसलेलं मातीच्या रंगाचं पाखरू, डोक्यावर एवढीशी शेंडी. चंडोल. पुढे मी शिक्षिका झाले, मुलांना विज्ञान शिकवू लागले, तेव्हा वाचलं की चंडोल दुसऱ्यांचे आवाज उचलतो. टिटवीचा, तितराचा, आणि रोज कानावर पडत असेल तर माणसाच्या शिळेचासुद्धा. वाचून बरं वाटलं. पण ते घरी, खुर्चीत बसून.

त्याच सुट्टीत मी हरवले. एका करडाच्या मागे गेले आणि मागे वळून पाहते तर लिंब नाही. सगळीकडे तेच पिवळं गवत आणि त्यावर पाण्यासारखी लखलख. कुठल्या बाजूनं आले तेही उमगेना. तेवढ्यात शीळ आली. मी रडत, धावत तिकडे निघाले. थोडं गेल्यावर शीळ आणखी पुढून आली. मी आणखी पुढे गेले. मग ती थांबली आणि मीही थांबले, कारण पुढे जमीन नव्हती. कडा होता. खाली घारी उडत होत्या, माझ्या पायांच्या खाली... मागून तेव्हा मावशीच्या शिळा ऐकू आल्या, एकामागून एक, घाबऱ्याघुबऱ्या. तिनं आल्या आल्या मला एक सणसणीत ठेवून दिली, मग छातीशी धरलं. तिच्या काळजाची धडधड माझ्या गालाला लागत होती.

त्या संध्याकाळी तिनं नियम केला. मला आणि काकांना समोर बसवून सांगितलं, "आजपून मी तीनदा शीळ घालनार. तीन झाल्या तर मी. येक झाली तर पाखरू. येका शिळंला पाऊल उचलायचं न्हाई. तुमीबी न्हाई आवं, तुमीबी लई वेळा फसलाय." काकांनी मान हलवली. ते खरंच फसायचे. शेंड्याच्या एका शिळेवर वावर सोडून, घाम पुसत वर यायचे आणि मावशी पोट धरून हसायची, "मी कुठं बोलावलं? तुमच्या दुसऱ्या बायकूनं बोलावलं!" तेव्हापासून काका शीळ ऐकली की हातातलं काम थांबवून दुसरीची वाट बघू लागले. दुसरी आली, तिसरी आली, की निघायचे. नाही आली, तर "गप रं" म्हणून पुन्हा कामाला लागायचे. हे इतकं अंगात मुरलं की मी नगरातसुद्धा कुणी एकदा हाक मारली तर ओ देत नाही. घरचे म्हणतात, आखडू आहे.

वर्षं गेली. मी शिकले, नोकरीला लागले, माझा संसार झाला, माळावर जाणं वर्षातून एखाद्या वेळेवर आलं. मावशी तिथेच. मध्यंतरी एका शेळीनं शिंग उडवून तिचा पुढचा दात पाडला. फोनवर मला ते सांगताना ती इतकी हसत होती की मला आधी वाटलं काही चांगलं झालंय. दात गेल्यावर शिळेच्या शेवटी हवा निसटायला लागली. वर जायची तशीच, पण खाली येता येता फुस्स. मी म्हटलं, "नगरला चल, दात बसवून आणू." ती म्हणाली, "कशाला? शेळ्यांला काय कळतंय? तुज्या काकाला भाकरीशी मतलब." दात काही तिनं बसवला नाही.

ती गेली ते माघाचे दिवस होते. गावातली बरीच घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कड्या. ज्वारी काढणीला आलेली आणि हाताशी माणूस नाही, म्हणून काका एकटेच विळा घेऊन वावरात. मावशी नेहमीसारखी वर. दुपारी शीळ आली. काकांनी विळा थांबवला. दुसरी आली नाही. त्यांनी "गप रं" म्हटलं आणि ज्वारीची पुढची ताटं कापायला घेतली. ऊन कललं तरी मावशीच्या तीन शिळा आल्या नाहीत. पोटात कावळे ओरडायला लागले, काका मनात तिच्यावर चिडले. मग शेळ्या आपणहून उतारावरून खाली आल्या, सगळ्या एकमेकींना चिकटून, मुक्यानं... तेव्हा ते पळाले. मावशी लिंबाच्या खोडाला टेकून बसली होती. भाकरीचं फडकं मांडीवर, गाठ न सोडलेली. आजूबाजूच्या मातीत पावलं उमटली होती, कुत्र्याची नव्हेत. तिला कुणी शिवलं नव्हतं आणि शेळी एकही कमी झाली नव्हती.

हार्ट अटॅक, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, लगेच गेली असेल का? ते म्हणाले, बहुधा. "बहुधा" हा शब्द मी वर्गात किती सहज वापरते!

दहाव्याला आम्ही खालच्या ओढ्याशी जमलो होतो. भटजींचं काहीतरी चाललं होतं, बायका पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. वरून, माळावरून शीळ आली. एकच. सगळं जागच्या जागी थांबलं. भटजीसुद्धा मंत्र म्हणता म्हणता अडकले. शेजारची एक म्हातारी पुटपुटली, "हौसाच हाय गं बया..." आणि तिनं पदर तोंडात कोंबला. मी विज्ञानाची बाई, मला ठाऊक होतं ते पाखरू आहे, तरी मी मान वर करून माळाकडे बघितलं. काका मात्र मान खाली घालून बसले होते. त्यांनी दोन्ही मुठींत ओढ्याची वाळू धरली होती, आणि ती बोटांतून गळत होती.

त्या दिवशी निघताना त्यांनी मला दारापाशी गाठलं. माझ्या डोळ्याला डोळा न देता म्हणाले, "सुमे, त्या दिशी येकच आली. मी थांबलो. पर शेवटाला हवा सुटली हुती... फुस्स करून. पाखराला काय दात पडत्यात व्हय? ती तिचीच हुती. तिला दुसरी घालाय दमच न्हाई राह्यला. आन मी ताटं कापीत बसलो." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. शीळ मावशीचीच होती, तिला दुसरी घालता आली नव्हती. मी नुसतं म्हणाले, "काका, असं नका मनात आणू." अशा वाक्यानं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले. नगरहून निघतानाच काय सांगायचं ते पाठ केलं होतं. सांगायचं, की वाऱ्यानं तसं वाटलं असेल. लांबून आवाज फाटतो. ते पाखरूच होतं. खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती आणि त्याची लाजही वाटत नव्हती, कारण काका निम्मे झाले होते. त्यांच्या सदऱ्यात दुसरा एक काका मावला असता. शेळ्या आता ते स्वतः नेत होते. आम्ही दोघं वर गेलो, लिंबाखाली बसलो. मी भाकरी सोडली. होळी होऊन गेली होती, गवत वाळून पांढरं पडलं होतं. वारा पडला. शेळ्या चरायच्या थांबल्या आणि एकीकडे बघू लागल्या. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

आणि शीळ आली. चढली, थबकली, खाली घसरली... आणि शेवटाला फुस्स.

मी काय केलं ते मला नंतर कळलं. मी उभी होते. चप्पल झाडाखाली राहिली होती, हातातली भाकरी मातीत पडली होती, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं होतं, "आले गं!" सगळं पाठ केलेलं कुठल्या कुठे गेलं. काकाही उठले होते. आम्ही दोघं आवाजाच्या रोखानं चालू लागलो. कुसळं माझ्या साडीत आणि पायात घुसत होती. मला तेव्हा खरोखर वाटत होतं की त्या खडकाच्या पलीकडे ती बसलेली असेल, आणि आम्हाला बघून पोट धरून हसेल.

खडकावर शेंड्या बसला होता. आम्ही थांबलो. त्यानं आमच्याकडे मान वाकडी करून बघितलं, शेंडी उभारली, चोच उघडली आणि आमच्या समोर मावशीची शीळ घातली. पडलेल्या दातासकट. ती निसटणारी हवासुद्धा त्यानं उचलली होती. एवढ्याशा गळ्यातून मावशी आली आणि गेली. मी लहानपणापासून ती शीळ ओळखते असा माझा दावा होता. माझे डोळे बांधून कुणी विचारलं असतं, तर ही मावशीच आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं.

काकांनी मुंडासं सोडून तोंड पुसलं. मग म्हणाले, "म्हंजी त्या दिशीबी ह्योच असंल."

"असेल, काका."

"नसंलबी."

पाठ केलेलं खोटं मी आत ढकललं. "नसेलही. मला नाही कळत. आत्ता मीसुद्धा उठलेच की."

"व्हय. तुलाबी न्हाई कळलं." त्यांनी मोठा श्वास सोडला आणि डोळ्यांतून पाणी गळू दिलं. काका रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, झालं, सुटले. शेंड्या उडाला, वर वर गेला, ठिपका झाला. परत फिरताना मी खाली पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. लिंबापासून त्या खडकापर्यंत गवत तुडवलेलं होतं. आम्ही आलो ती पायवाट होती, रोजच्या चालण्यानं पडलेली. तशीच एक दुसऱ्या खडकाकडे जात होती, तिसरी कड्याच्या बाजूला.

"काका, रोज उठून जाता? पाखरू आहे हे आता डोळ्यांनी बघितलंत. आता तरी नका जाऊ."

काका थांबले. रागावले नाहीत. "तवा पाखरू हाय म्हनून बसून राह्यलो," ते म्हणाले. "आता पाखरू हाय म्हनून बसू व्हय?"

यावर मावशीसुद्धा अडली असती असं मला वाटतं, आणि ती सहसा उत्तरावाचून अडायची नाही. मी एवढंच म्हटलं, की कड्याकडे जाताना सांभाळून. त्या संध्याकाळी मी त्यांना फोन लावायला शिकवला. माझ्या नावासमोर हिरवं बटण, बोलून झालं की लाल. हिरवं त्यांना जमलं.

तेव्हापासून रविवारी दुपारी ते कड्याजवळच्या खडकावर चढून मला फोन करतात. स्क्रीनवर मावशीचं नाव येतं. ते बदलायला माझा हात धजत नाही. आता मी आधी ओरडत नाही. काका म्हणतात, "मी हाय." शेळ्यांचं सांगतात, ज्वारीचं सांगतात, कड्याखाली घारीनं घरटं केलंय ते सांगतात. मधेच थांबतात. मलाही ती ऐकू येते, लांबून, वाऱ्यातून गाळून आलेली... "थांब जरा, बोलावतीया," असं म्हणून ते फोन खडकावर ठेवतात. वहाणांचा आवाज लांब लांब जातो. लाल बटण त्यांना अजून जमलेलं नाही. मला जमतं, पण मी ते दाबत नाही. स्वयंपाकघरात उभी राहून फोन कानाशी धरते. आत नुसता वारा असतो. घरातलं कुणी हाक मारतं, मी ओ देत नाही. काका परत येईपर्यंत मी दुसऱ्या शिळेची वाट बघत असते.